डेंजर गजभिये

"भेव वाटते का तुले?"

रायपुरातल्या भनपुरीच्या लोखंडाच्या मिलमध्ये मी कामाला लागले, त्या दिवशी गेटजवळच्या खोलीतल्या माणसानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. पंखा सुरू होता, डोक्यावर छप्पर होतं, तरी त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला होता. मी बावीस वर्षांची. पहिली नोकरी, टाइम ऑफिसात हजेरीचं काम. भित्री दिसू नये म्हणून मी ठसक्यात म्हणाले, "नहीं सर, बिलकुल नहीं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मंग घरी जाय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच पुढचे कागद चाळू लागले. मी उभीच. तेवढ्यात भिंतीपलीकडे मोठा आवाज झाला. क्रेननं भंगाराचा ढीग भट्टीत सोडला होता, हे मला नंतर कळलं. जमीन हादरली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मी दोन्ही हातांनी त्यांचं टेबल धरलं.

"आता वाटलं?"

"हाँ."

"मराठीत सांग. तुह्या बापाचं आडनाव मले वाचता येते."

"हो. वाटलं."

त्यांनी माझ्या पासवर सही केली. "जाय आत. जमिनीवर पिवळा पट्टा आहे, त्याच्या बाहेर पाय टाकू नको. आन् हे भेव संध्याकाळपर्यंत जपून ठेव."

सुखदेव गजभिये. मिलचे सेफ्टी सुपरवायझर. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये रायपुरात आले आणि इथलेच झाले. आमचं घरही तिकडचंच. घरात आई-बाबा मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायचे, माझ्या वयाचे सगळेच देतात तसं. गजभियेंकडे मात्र हिंदीतलं उत्तर ऐकूच जात नसे. महिन्याभरात माझी मराठी मोकळी झाली आणि ते 'सर'चे 'काका' झाले.

इतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठल्याही खोलीत शिरले की आधी दुसरं दार शोधायचे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू त्याला लावून बघायचे, तापलंय का. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी स्वयंपाकाच्या मांडवामागे जाऊन सिलिंडर कुठे ठेवलेत ते पाहून यायचे. त्यांची बायको, रमाकाकू, मला सांगायची, "आमच्या लग्नात भंतेजी वंदना घेऊन राह्यले होते आन् ह्याईचं लक्ष मांडवाच्या वायरवर. मले वाटलं, नवरीचं तोंडच पाहिलं नाही ह्या माणसानं." उंचीची तर त्यांना फारच भीती. ट्यूबलाइट बदलायलाही ते स्टुलावर चढत नसत.

मिलमधली तरुण पोरं त्यांना हसायची. ते त्यांना सांगायचे, "मी भित्रा आहे, हे खरं आहे. मले पगार त्याचाच भेटते. तुमचं सगळ्यांचं भेव मी एकटा वागवतो, म्हून तुम्ही हसून राहिले."

या भीतीला एक जागा होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, डबा खाताना, भाताकडे बघत. तरुणपणी ते कारखान्यांतल्या पाट्या रंगवायचे. एका मिलमध्ये भट्टीसमोरच्या भिंतीवर कवटी आणि दोन हाडं काढून खाली इंग्रजीत 'डेंजर' लिहीत होते. शेवटचं अक्षर झालं आणि ते ब्रश धुवायला नळावर गेले. तिथे असतानाच भट्टी फुटली. पाटीच्या खाली तीन माणसं काम करत होती.

"मी वापस आलो तं अक्षरं ओलीच होती," काका म्हणाले. "बोर्ड जसाच्या तसा. माणसं नव्हते."

त्यानंतर ते जेवले नाहीत. डबा मीच बंद केला.

त्या शब्दाशी त्यांचं नातं त्याच्याही आधीचं होतं. सतरा वर्षांचे असताना त्यांना एका कारखान्यात अशाच पाट्यांचं काम मिळालं. शाळा आठवीत सुटलेली. ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं. सगळ्या पाट्यांवर 'ए'च्या जागी 'ई'. इंजिनिअरनं सगळ्या मजुरांसमोर त्यांची अशी काही खिल्ली उडवली की कान लाल झाले. सगळ्या पाट्या पुसून पुन्हा लिहाव्या लागल्या. त्या रविवारी ते त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, विहारात गेले. तिथे एका कपाटात कुणीतरी दान दिलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. स्पेलिंग पाठ करायला म्हणून त्यांनी तो उघडला, तर त्या शब्दाच्या शेवटी बारीक अक्षरांत काहीतरी लांबलचक लिहिलेलं. ते काय आहे हे समजेना, म्हणून त्यांनी विहारात येणाऱ्या मेश्राम गुरुजींना विचारलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना चष्मा लावून कुणाला काही वाचून दाखवायला फार आवडायचं.

गुरुजींनी वाचलं ते काकांना आयुष्यभर पाठ होतं. आठवड्याच्या सेफ्टी क्लासमध्ये ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. मजुरांसाठी हिंदीत, मग माझ्याकडे वळून पुन्हा मराठीत, जणू मराठीत सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नसे.

"हा शब्द इंग्रजांचा नाही. लई जुना आहे. लॅटिन म्हून भाषा होती, तिच्यात 'डॉमिनस' म्हणजे घरधनी, मालक. त्याच्यावरून फ्रेंच लोकाईनं शब्द केला, मालकाची सत्ता. तो आपलं काही बी बिघडवू शकते, ती ताकद. थोच शब्द इंग्रजीत आला. तवा त्याचा अर्थ धोका नव्हता. अमका तमक्याच्या डेंजरमध्ये आहे, म्हणजे त्याच्या मुठीत आहे, त्याच्या मर्जीवर जगून राहिला. मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्याचं काय होते, हे पाहून पाहून लोक त्या शब्दालाच धोका म्हणू लागले. मंग मालक गेला शब्दातून, धोका तेवढा राहिला."

इथे ते थांबायचे आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवायचे. "पाटीवर कवटी मजुराची काढतेत. शब्द मालकाचा आहे."

हे ऑफिसात कुणी सांगितलं तर नोकरी जाईल, असं मी त्यांना एकदा म्हणाले. ते म्हणाले, "डिक्शनरीत आहे. मी काय घरून आणलं?"

एकदा माझी मावसबहीण मला घ्यायला गेटवर आली होती. मी नवीन कुर्ता घातला होता. ती ओरडली, "दीदी, क्या डेंजर लग रही हो!" काकांनी दचकून आधी माझ्या मागे पाहिलं. मी समजावलं की आता याचा अर्थ छान, भारी, असा होतो. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "शब्दाचं काई सांगता येत नाही, बापा. कुठून निघतो आन् कुठं जातो."

मिलमध्ये त्यांनी एकच गोष्ट हट्टानं चालवली होती, सायरनचा सराव. सायरन वाजला की भट्टी चालवणाऱ्यानं लाल बटण दाबून वीज तोडायची, पाण्याचे पंप सुरू ठेवायचे आणि सगळ्यांनी गेटबाहेर कडुलिंबाखाली यायचं. काहून वाजला, कुणी वाजवला, विचारायचं नाही. तिथे मी हजेरीचा कागद घेऊन नावं पुकारायची. मजूर कुरकुरत यायचे, बिडी पेटवायचे. उत्तरादाखल 'हव', म्हणजे हो, म्हणायचे, तेही जांभई देत.

आणि मग मे महिन्यातला तो दिवस आला.

आधी भट्टीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ही भट्टी म्हणजे माणसाहून उंच पातेलंच. आतून तिला मातीचा जाड लेप असतो, त्याला लाइनिंग म्हणतात. लेपाच्या बाहेरून तांब्याच्या नळीची वेटोळी. नळीतून वीज जाते आणि नळी वितळू नये म्हणून आतून पाणीही वाहतं. एकीकडे उकळतं लोखंड, दुसरीकडे पाणी आणि मध्ये फक्त तो लेप. लोखंड वितळवून ओतण्याच्या एका खेपेला 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटला लेप थोडा झिजतो. फार झिजला की भट्टी थांबवून नवा घालावा लागतो. नाही घातला आणि लोखंड नळीपर्यंत पोचलं, तर पाण्याची क्षणात वाफ होते. पुढे काय होतं ते काकांनी नळावरून परत येताना पाहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काका टाइम ऑफिसात आले. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाले, "वैशाली, टाईप कर."

दोन नंबरच्या भट्टीच्या पॅनलवर एक दिवा असतो. वीज भट्टीतून बाहेर झिरपू लागली की तो लागतो. म्हणजे लोखंड नळीच्या जवळ आलं असण्याची शक्यता. तो सकाळपासून लागत होता, विझत होता. भट्टीच्या इनचार्जनं त्याची वायरच काढून टाकली होती.

"दिवा खराब आहे म्हणते," काका म्हणाले. "खराब असंन बी. पण वायर काढल्यावर मले कसं समजंन?"

मी टाईप केलं. दोन नंबरची भट्टी आत्ता रिकामी करावी, लेप तपासल्याशिवाय पुढची हीट घेऊ नये. माझी बोटं चुकत होती. प्रिंट काढली. काकांनी सही केली आणि म्हणाले, "तू बी चल. मी एकटा सांगितलं तं म्हणतील, गजभिये नेहमीच भेते."

मालकांची केबिन वरच्या मजल्यावर होती. आत इतका गारवा होता की घाम अंगावरच थिजला. सेठजींनी पत्र वाचलं, टेबलावर उलटं ठेवलं.

"गजभियेजी, लाइनिंग अभी चार-पाँच हीट और देगी. इनचार्ज ने देख लिया है."

"साहब, दिवा... वो लॅम्प जल रहा था."

"आप बहुत डरते हो."

"जी, डरता हूँ."

"कल माल जाना है. एक हीट और. उसके बाद खोलेंगे. ठीक है?"

आवाज चढला नाही, टेबलावर हात आपटला नाही. मला त्याचीच भीती वाटली. ते सगळं इतकं साधं होतं. 'एक हीट और', जशी कुणी जेवताना एक पोळी आणखी मागावी.

आम्ही जिना उतरलो. काकांनी कठडा धरला होता आणि त्यांचा हात कठड्यावर तडतड वाजत होता, अंगठीमुळे. खाली आल्यावर ते मला म्हणाले, "हजेरीचा कागद घे."

"कशाला?"

"घे म्हटलं न."

मी वळले तोच सायरन वाजला.

सरावाचा दिवस नव्हता. पण सायरन वाजला म्हणजे विचारायचं नाही, हे इतक्यांदा घोटलेलं होतं की कुणीच विचारलं नाही. शेडमधून माणसं बाहेर येऊ लागली. आधी चालत, मग एकमेकांचे चेहरे पाहून धावत. मी कडुलिंबाखाली उभी राहून नावं पुकारू लागले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्या पाळीत एकवीस माणसं होती. वीस झाली. मी पुन्हा पुकारलं. वीसच.

"मनराखन," कुणीतरी म्हणालं. "मनराखन नइ हे!"

मनराखन क्रेन चालवायचा. त्याची केबिन शेडच्या छपराखाली, भट्ट्यांच्या अगदी वर. आवाजानं त्रास होतो म्हणून तो कानात कापूस कोंबून त्यावर फडकं बांधायचा. सायरन त्याला ऐकूच गेला नव्हता. खालचे वीसजण पळाले, हेही भट्ट्यांच्या धुरात त्याला वरून दिसलं नसणार.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.  मला वाटलं, ते कुणालातरी पाठवतील. वीस तरणी माणसं तिथे उभी होती. त्यांनी कुणालाच पाठवलं नाही. हेल्मेटचा पट्टा पुन्हा घट्ट केला आणि ते शेडकडे चालू लागले. धावले नाहीत. त्यांचे पाय एखाद्या आजारी माणसासारखे पडत होते.

शेडच्या दारातून मला क्रेनच्या केबिनकडे जाणारी लोखंडी शिडी दिसत होती. सरळ, उभी, दुमजली घराएवढी. ते चढू लागले. दर पायरीवर थांबायचे, कपाळ शिडीला टेकवायचे, मग पुढची पायरी. खाली दोन नंबरची भट्टी, तोंडापर्यंत भरलेली, नारिंगी. मी त्या भट्टीकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, आता, आता, आता. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटवत नव्हते. मी नजर काढली तर ते पडतील असं वाटत होतं.

काही मिनिटंच गेली असतील. मग आधी मनराखन उतरला, भराभर, माकडासारखा. त्याच्यामागून काका. शेवटच्या चार पायऱ्या मनराखननं त्यांचे पाय हातानं धरून एकेका पायरीवर ठेवले.

झाडाखाली आल्यावर काका जमिनीवर बसले आणि त्यांना उलटी झाली. मी कागदावर एकविसाव्या नावापुढे खूण केली. ती खूण इतकी वाकडी आली की कागद फाटला.

भट्टी फुटली नाही.

तास गेला, दोन तास गेले. काहीच झालं नाही. वीज तुटल्यामुळे भट्टीतलं लोखंड तिथेच गोठून दगड झालं. ते फोडून काढायला कित्येक दिवस लागणार होते आणि दुसऱ्या दिवशीचा माल जाणार नव्हता. दुपारी तीनला सेठजी स्वतः खाली आले. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"फूटी तो नहीं न, गजभियेजी?"

 काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

यानंतरचं लिहायला मला जड जातं, पण ते गाळून काकांचं चित्र पुरं होणार नाही. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. समोर एक टाईप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की गजभियेंनी कुठलंही पत्र दिलं नव्हतं, आधी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि कारण नसताना सायरन वाजवला. खाली माझं नाव. सही करायची आणि कॉम्प्युटरमधून ते पत्र काढून टाकायचं. मॅनेजर अगदी मायेनं बोलला, "बेटा, तुम्हारे पापा नहीं हैं न अब? घर तुम ही देखती हो?"

बाबा त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. मी सही केली. पत्रही काढून टाकलं. जिना उतरताना मीही काकांसारखाच कठडा धरला. पण काका थरथरत खाली येऊन सायरनकडे गेले होते. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

गोठलेलं लोखंड फोडायला आठ दिवस लागले. फोडणाऱ्यांत मनराखन होता. त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत हळूच येऊन सांगितलं. एका बाजूला लेप उरलाच नव्हता. लोखंडाची एक जीभ आरपार गेली होती आणि तांब्याच्या नळीला टेकून थांबली होती. नळी त्या जागी काळी पडून आत दबली होती. "बस, अतका," म्हणत त्यानं नखाची कड दाखवली; नळी फुटायला तेवढंच उरलं होतं. त्याचे डोळे भरले होते. हे वरच्यांनाही कळलं असणारच. त्यांनी नवा लेप घातला आणि भट्टी सुरू केली.

काकांना पुन्हा काम मिळालं नाही. भनपुरीत मिलची कमी नाही आणि सगळ्या मालकांचे एकमेकांशी फोन चालतात. काका जिथे जात तिथे त्यांच्याआधी एक वाक्य पोचलेलं असे, 'वो आदमी डेंजर है.' एका मिलच्या गेटकीपरनं त्यांना ते तोंडावर ऐकवलं. हळूहळू ते त्यांचं नावच झालं. ते पुन्हा पाट्या रंगवू लागले. दुकानांची नावं, घरांची नावं, मोटरसायकलचे नंबर.

दीड महिना मी त्यांच्याकडे गेले नाही. एका रविवारी धीर करून गेले. रेल्वे लाइनीपलीकडच्या पाऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते ओसरीत एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सही, पत्र, सगळं. रडू येईल वाटलं होतं, पण आलं नाही. 

त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. ओळ पुरी केली. मग म्हणाले, "भेली?"

"हो."

"म्या तुले क्लासात सांगितलं होतं न, जुना अर्थ? अमका तमक्याच्या डेंजरमध्ये आहे. तू त्याईच्या डेंजरमध्ये होती, पोरी. त्यात लाज कायची? तो शब्द तुह्यासारख्याईसाठीच बनला."

"पण तुम्हीही होता की त्यांच्या डेंजरमध्ये."

"होतो. मीबी भेलो. मले नोकरीपेक्षा भट्टीचं भेव जास्त वाटलं, एवढंच." मग हसून म्हणाले, "आन् आता पाह्य मजा. जिंदगीभर मालकाले डेंजर म्हणत आलो, आता थेच मले म्हणून राहिले. मेश्राम गुरुजी असते तं डिक्शनरीत माहं नाव लिहिलं असतं."

रमाकाकूनं आतून चहा आणला. काकांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. चार दिवसांनी मी स्वतःच्या अक्षरात खरं काय झालं ते लिहिलं आणि लेबर ऑफिसात नेऊन दिलं. खिडकीतल्या कारकुनानं पोच देईपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं, मिलचं कुणी आहे का. आठवड्यात माझीही नोकरी गेली. काका चिडले. "काहून केलं? तुह्या मायले कोण पाहिन?" पण त्या दिवशी निघताना ते मला बसपर्यंत सोडायला आले आणि बसचं मागचं दार उघडतंय की नाही ते त्यांनी स्वतः ओढून पाहिलं.

मला पुढे नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात काम मिळालं. कामावरून काढल्याविरुद्धचा काकांचा खटला तारखांवर चालला, आजही चाललाय. ते मात्र दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या थंडीत, ओसरीत काम करता करता गेले. हृदयानं दगा दिला. रमाकाकू चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते आणि हातातला ब्रश सुकलाही नव्हता.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटले होते. त्या दिवशी मी बरीच वर्षं मनात असलेलं विचारलं. ज्या दिवशी सायरन वाजवला, त्या दिवशी त्यांना खात्री होती का?

"नव्हती," ते म्हणाले. "अजिबात नव्हती. दिवा खराब असू शकत होता. मनराखननं येऊन सांगेपर्यंतचे ते आठ दिवस मी झोपलो नाही. मले वाटे, उगाच एवढ्या लोकाईचं काम बंद पाडलं. आपल्या भेवानं लोकाईचं नुकसान केलं. भट्टी फुटली असती तं फुटली असती, पण हे भेव लई वाईट होतं."

"मग आठ दिवस काढलेत कसे?"

 समोरच्या गल्लीत कुणी सायकलला हवा भरत होतं.

"त्याच दिवशी संध्याकाळी मनराखनच्या पाऱ्यात गेलो होतो," ते म्हणाले. "कायले गेलो ते मलेबी माहीत नाही. त्याच्या घरासमोर रस्त्यावर उभा राहिलो. थो अंगणात बसून भात खाऊन राहिला होता. आन् बायकोवर ओरडून राहिला होता, भाजीत मीठ नाही म्हून. तीबी काई कमी नव्हती, ती त्याले उलटून बोले. दोघाईचं मस्त जुंपलं होतं. मी तिथं उभा राहून सगळं ऐकलं. मीठ टाकलं तिनं, थो जेवला, हात धुतला, मंग मी घरी आलो. तेवढा वेळ, पोरी, मले कायचंच भेव वाटलं नाही."